वायसर

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर एक नळी काढली,
नळीत दोन-दोन पाकळ्या, समोरासमोर,
आणि म्हणाल्या, काका, पायातलं रक्त चढावर जातं,
ह्या पाकळ्या त्याला मागं येऊ देत नाहीत.
मावशींच्या ढिल्या झाल्यात.

मला हसू आलं.
एकतीस वर्षं मी जालन्याच्या नगरपालिकेत व्हॉल्व्हमन.
लक्कडकोट, कादराबाद, गांधीचमन,
कुठल्या गल्लीत कुठल्या झाकणाखाली काय गळतं
हे मला झोपेत विचारा.
म्हणलं, मॅडम, वायसर बदलता येतो का?
ग्लँड खोलून सुतळी भरली, ग्रीस दिलं, तर?
त्याही हसल्या.
प्रयाग नाही हसली. ती स्वतःच्या पोटरीकडं बघत होती,
जणू दुसऱ्या कुणाची तरी
चुकून तिच्या लुगड्याखाली आलीय.

गाठाळलेल्या निळ्या शिरा, कुंपणावर चढलेल्या गुळवेलीसारख्या.
घोट्याजवळ कातडी काळवंडलेली, चकचकीत,
कांद्याच्या वरच्या पापुद्र्याएवढी पातळ.
रात्री खाजवते. मी जागाच असतो.
कोरड्या तव्यावरून उलथनं फिरावं
तसा आवाज येतो.

बावीस वर्षं वसतिगृहाच्या भटारखान्यात उभी राहिली.
दोनशे पोरांच्या भाकरी.
पाय तेव्हाही ठणकायचे,
पण तेव्हा त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

मोजा आणला, मांडीपर्यंतचा, घट्ट. अठराशे रुपये.
"एवढ्यात लुगडं आलं असतं," प्रयाग म्हणाली, "आन् तेबी सैल."
पहाटे, ती अंथरुणातून उठायच्या आत घालावा लागतो.
मे महिन्यात, घामेजलेल्या पायावर
इंच-इंच सरकवतो,
पाइपावर रबर चढवावं तसा.
त्याच्यासाठी नखं कापून ठेवतो.
चावी फिरवून माझा तळहात टाचेसारखा झालाय,
पालथ्या बाजूची कातडी मात्र
चिमटीत धरली की तशीच उभी राहते,
खाली बसायचं विसरल्यासारखी.

खाटेच्या पायथ्याला दोन-दोन विटा दिल्या.
माळ्यावरची पाणसळ काढली, नळीत पाणी भरून बघितलं,
चार बोटं उतार, बरोबर डोक्याकडं.
ती म्हणाली, "घरंगळत तुमच्या उशीवर येते का काय मी?"
म्हणलं, ये.
तरुणपणी एवढं मोकळं
आम्ही बोलल्याचं मला आठवत नाही.

त्याच दिवशी बाईंनी माझ्याही दंडाला पट्टा बांधला होता.
एकशे सत्तर.
तेव्हापासून लोणच्याची बरणी फळीवर पार वर,
आणि स्टूल शेजाऱ्यांकडं.
"मेन लाइन फुटली तर कुठं खोदत बसू मी?" म्हणाली.
आता सकाळी दोघं मोतीबागेपर्यंत चालतो.
ती पुढं. मी झाकणं बघत मागं.

परवा बारा दिवसांनी पाणी आलं, रात्री दोनला.
आधी नळात वाऱ्याची शिट्टी, मग गंजाची थुंकी, मग धार.
ती सवयीनं हंड्याकडं निघाली.
म्हणलं, बस. उभं राहायचं नाही.
पालथ्या बादलीवर पाय ठेवून बसली
आणि मी कसं भरतोय त्याच्यात चुका काढत राहिली.

शेवटची घागर भरली. नळ पुन्हा खोकून गप्प झाला.
मग तिचा पाय मांडीवर घेतला.
बाईंनी साधं व्हॅसलीन सांगितलंय,
प्रयागचा विश्वास करडीच्या तेलावर.
मी दोन्ही लावतो. आधी हिचं, मग त्यांचं.
खालून वर, घोट्याकडून गुडघ्याकडं,
जिकडं जायचंय तिकडं.

नडगीवर अंगठा दाबून धरला.
सोडला. खळगा पडला.
एक, दोन, तीन...
गेल्या रविवारी अठरा झाले होते.
आज अकराला भरला.

"परत मोजा," ती म्हणते.
"लई घाई तुम्हाला.
आपल्या गल्लीचं पाणीबी
असंच लवकर बंद करायचात."